कोंबडा आरवायच्या आधी

जगदीशच्या वर्गात बावीस मुलं होती आणि बावीसच्या बावीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, एक जूनला. यात नवल वाटून घ्यायचं कारण नाही. डोळखांबच्या आसपासच्या कुठल्याही पाड्यावर जा, चाळिशीच्या पुढच्या माणसाचं आधार कार्ड मागून बघा, एक जूनच निघेल. शाळेत नाव घालायला आलेल्या आईला गुरुजी विचारायचे, पोरगा कधी जन्मला? ती सांगायची, नाचणी लावत व्हतो तवा. आता शाळेच्या वहीत 'नाचणी लावत होतो तेव्हा' असा रकाना नसतो. मग गुरुजी अंदाजानं साल धरायचे, पुढे एक जून टाकायचे आणि मोकळे व्हायचे. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

पाड्याला तारखेची गरज नव्हती, कारण पाड्याकडे वार होता. बुधवारी जन्मला तो बुधू, शुक्रवारी जन्मली ती शुक्री. जगदीशचा बाप बुधू, आत्या शुक्री. जगदीशच्या वेळी मात्र त्याच्या मामाला हौस आली. मुरबाडच्या बाजारात त्यानं कुठल्याशा दुकानाच्या पाटीवर 'जगदीश' हे नाव वाचलं होतं, ते त्यानं भाच्याला आणून चिकटवलं. नाव झोकदार मिळालं, पण वार गेला. आई लवकर वारली, आणि बापाला विचारलं तर तो म्हणायचा, "जन्मलास ना? मंग झालं." असा हा माणूस कागदोपत्री पंचेचाळीस वर्षांचा होऊन बसला, ना तारीख ना वार.

एखाद्याला आपल्याकडे नसलेल्या गोष्टीचाच नाद लागतो, तसं जगदीशचं झालं. दहावी होऊन तो डोळखांबला एका संस्थेच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागला. पाणी भरायचं, केसपेपर लावायचे, डॉक्टरीणबाईंच्या गाडीला दगड लावायचा. पुढे कुणीतरी दवाखान्याला एक जुना कॉम्प्युटर दान केला. त्याला हात लावायची कुणाची छाती होईना, म्हणून तो पुसायचं काम जगदीशकडे आलं. पुसता पुसता त्यानं तो चालू केला, मग शहापूरला जाऊन रविवारचा क्लास केला, आणि क्लासवाल्याला येत होतं तेवढं संपल्यावर मोबाइलवर हिंदीत शिकवणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघून जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहायला लागला. औषधांच्या साठ्याचा पहिला प्रोग्राम चालला त्या दिवशी त्यानं सगळ्या स्टाफला पेढे वाटले. बायको रंजिता अंगणवाडीत होती. ती म्हणाली, "पोरगं झालं तवा बत्ताशे वाटलेत, आन् ह्याला पेढे?"

संस्थेच्या कपाटात सात जाडजूड वह्या होत्या. संस्थेनं पाड्यापाड्यावरच्या सुइणींना शिकवून तयार केलं होतं, आणि बाळंतपणाला सुईण निघाली की तिच्याबरोबर संस्थेची नर्सही जायची. नर्सच्या मनगटावर घड्याळ. ती तारीख आणि वेळ लिहायची, आणि शेजारी सुईण अंगठा उठवायची. बारा वर्षांतली दीड हजार बाळं त्या वह्यांत होती. जगदीशच्या डोक्यात आलं, ह्या पोरांना तरी एक जून लागू द्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. नाव, आई, तारीख, वेळ. बटण दाबलं की जन्माचं कार्ड बाहेर, तारखेसकट आणि वारासकट. वाराचा आग्रह त्याचाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वार कशाला? तो म्हणाला, "बाई, तारीख सरकारसाठी. वार आमच्यासाठी."

कार्ड छापण्याआधी तपासणी हवी हे त्याला कळत होतं. पण ज्या वहीवरून टाइप केलं तिच्याशीच काय ताडून बघायचं, असा त्याचा विचार. चोराला चोराची साक्ष कशाला? साक्षीदार वेगळा हवा. तो त्याच्या शेजारीच राहत होता.

जनाकाकी ही पाड्याची सुईण. आता सत्तरीकडे झुकलेली, दात दोनच राहिलेले, पण डोकं असं की तिनं काढलेलं एकेक बाळ तिला वारानिशी आठवतं. जगदीश लॅपटॉप घेऊन तिच्या ओट्यावर बसला. ती मोहाची फुलं सुकत घालत होती.

"काकी, रखमीची थोरली?"

"सोमवार."

लॅपटॉपवर सोमवार.

"आंबेपाड्याच्या रामूचा?"

"बेस्तरवार. पाय आधी आला व्हता त्याचा."

लॅपटॉपवर गुरुवार. अशा चाळीस नोंदी त्यानं विचारल्या. अडतीस जुळल्या. उरलेल्या दोन पोरांचा जन्म थंडीतला, पावणेसहाचा. कॉम्प्युटर म्हणत होता शुक्रवार, जनाकाकी म्हणत होती गुरुवार. जगदीशनं वेळ वाचून दाखवली तर ती म्हणाली, "थंडीचा कोंबडा उशिरा आरवतो रे. आळशी असतो. तो आरवला नाय तवर वार कसा बदलंल?"

पाड्याच्या हिशोबात दिवस असा सुरू होतो. कोंबडा आरवला की नवा वार, तोपर्यंत कालचाच. जगदीशला हे लहानपणापासून ठाऊक, म्हणून त्याला त्यात काही खटकलं नाही. त्यानं ते दोन गुन्हे कोंबड्याच्या माथी मारले आणि कार्डं छापली. पाड्यापाड्यावर वाटली. शाळेत जाऊन गुरुजींच्या हातात यादी दिली, आणि गुरुजींनीही चांगुलपणानं एक जून खोडून खऱ्या तारखा घातल्या. त्या दिवशी जगदीश घरी आला तो चालत नव्हता, जरा वरूनच येत होता.

या जानेवारीपर्यंत सगळं ठीक होतं.

रखमीची थोरली म्हणजे राही, घरचं नाव सोमी. तेरा वर्षांची, काटकुळी, आणि पळायला लागली की गुडघे कुठे आणि टाचा कुठे हे कळू नये अशी. मुरबाडला एका क्रीडा वसतिगृहासाठी पोरी निवडायच्या होत्या. नाशिकला राहायचं, शिकायचं, पळायचं, सगळा खर्च त्यांचा. राही सहाशे मीटरमध्ये दुसरी आली, आणि पहिल्या सहा जणी घ्यायच्या होत्या. रखमी मैदानाच्या कडेला उभी राहून "सोमे, पळ गो" म्हणून घसा बसेस्तोवर ओरडली होती. मग कागद बघायच्या टेबलाशी गेली तर तिथल्या शीतल मॅडमनी कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नियम असा होता की मुलगी एक जानेवारी दोन हजार तेरा किंवा त्यानंतर जन्मलेली हवी. कार्डावर तारीख होती एकतीस डिसेंबर दोन हजार बारा. एक दिवस कमी. कागदात काही चूक असेल तर शुक्रवारी चारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर सातव्या नंबरच्या मुलीला घ्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आत रखमी दारात उभी. मागे राही.

"भाऊ, मशीन तुझ्या हातात हाय," रखमी म्हणाली. "एक जून टाक."

जगदीशला आधी समजलंच नाही.

"तेराचा एक जून टाक. तुमच्या साऱ्यांचा व्हताच ना? कोन इचारतंय?"

"रखमे, तसं नाय करता येत."

"का नाय? एका दिवसानं कुनाचं काय जातंय? माझ्या पोरीचं जातंय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि जगदीशला ते झोंबलं. दोन कळा दाबल्या की काम होणार होतं. पण दीड हजार पोरांच्या तारखा त्यानं ज्या जोरावर लावल्या होत्या तो जोर एकाच गोष्टीचा होता, की ह्यात थाप नाही. एकदा स्वतःच्या हातानं एक जून टाकला की त्या बावीस जणांच्या वर्गातच परत जाऊन बसायचं. त्यानं मान हलवली. चहा पुढे केला तर रखमीनं घेतला नाही.

"काका, मी सोमवारचीच ना?" राहीनं विचारलं.

"हो गो."

"मंग ऱ्हाऊ द्या."

एवढं बोलून ती आईच्या आधी पायऱ्या उतरली. जगदीशला त्या क्षणी स्वतःचा, त्या कॉम्प्युटरचा आणि जगातल्या सगळ्या तारखांचा राग आला. पोरीनं आकांडतांडव केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

दिवसभर त्याचं कशात लक्ष लागेना. दुपारी त्यानं कपाट उघडून पाचवी वही काढली. काही सापडेल अशी आशा नव्हती, पण आपण बघितलं एवढं तरी म्हणता यावं. पान सापडलं. नर्सचं ठसठशीत अक्षर: आई रखमी, मुलगी, वजन अडीच किलो, दिनांक एक जानेवारी दोन हजार तेरा, पहाटे चार पंधरा. शेजारी जनाकाकीचा अंगठा.

त्यानं तीनदा वाचलं. मग कॉम्प्युटरकडे गेला. टाइप करताना आपलीच चूक झाली असणार. पण नाही, त्यानं भरलेली नोंद बरोबर होती: एक जानेवारी, चार पंधरा. आणि बटण दाबलं की कार्ड येत होतं एकतीस डिसेंबर, सोमवार.

त्यानं एक खोटी नोंद केली, पहाटे पाचची. कार्ड आदल्या दिवसाचं. पाच एकोणतीस केलं, आदलाच दिवस. पाच तीस केलं, आणि तारीख टुणकन पुढे सरकली. साडेपाचला. तो खुर्चीत मागे टेकला. साडेपाच हा आकडा त्याला माहीत होता. आपलं घड्याळ लंडनच्या घड्याळाच्या साडेपाच तास पुढे असतं.

घडलं होतं ते असं. नुसती तारीख दिली तर जावास्क्रिप्ट ही भाषा ती लंडनची मध्यरात्र समजते, आणि लंडनच्याच हिशोबानं परत देते, म्हणून ज्या थोड्या नोंदींत नर्सची वेळ लिहायची राहून गेली होती त्या ठीक राहिल्या. पण तारखेबरोबर वेळ दिली की तीच भाषा ती वेळ आपल्या गावची समजते. आणि मग मजकूर म्हणून परत मागितली की तिचं लंडनच्या घड्याळात रूपांतर करून देते. शेपटाला एक झेड लावते, म्हणजे ही वेळ लंडनची हे ओळखणाऱ्यानं ओळखावं. जगदीशनं काय केलं होतं, तर त्या मजकुरातली पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून कार्डावर चिकटवली होती आणि झेड शेपटासकट टाकून दिला होता. पहाटे सव्वाचारला आपल्याकडे राही जन्मली तेव्हा लंडनला आदल्या रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. त्याच्या कार्डानं डोळखांबच्या पाड्यावरची पोर लंडनला जन्माला घातली होती.

मग अडतीस नोंदी जुळल्या कशा? हे कळलं तेव्हा मात्र त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. लंडनची तारीख आपल्याकडे साडेपाचला बदलते. आणि जनाकाकीचा कोंबडाही आरवतो तो साधारण साडेपाचलाच. कॉम्प्युटर चुकत होता लंडनमुळे, जनाकाकी बरोबर होती कोंबड्यामुळे, आणि दोघांची उत्तरं जुळत होती. मुंबईतल्या कुणी हा प्रोग्राम तपासला असता तर पहिल्या दिवशी चूक पकडली असती. पकडली नाही ती जगदीशनं, कारण तो पाड्यावरचा होता. कपाटात वही असून त्यानं सगळ्या पाड्याला वळसा घातला होता.

त्यानं मोजलं. दीड हजारांत तीनशे अकरा पोरं मध्यरात्र ते साडेपाचच्या मधली होती. तीनशे अकरा कार्डं चुकीची. शाळेच्या दाखल्यांत चुकीची, आणि तिथं ती जगदीशनंच स्वतःच्या पायांनी नेऊन दिलेली.

गप्प बसावं असं एकदा मनात येऊन गेलं, आपली चूक आपणच कशाला सांगा. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तो डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून संस्थेच्या कागदावर पत्र दिलं, आणि 'तांत्रिक चूक' असं लिहायला घेतलं तर जगदीश म्हणाला, "बाई, तांत्रिक नका लिहू. माझी लिहा."

संध्याकाळी तो रखमीकडे गेला. तिनं दारातूनच ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"सकाळी व्हत नव्हतं. आता कसं झालं?"

"खरंच तसं हाय, रखमे."

"माझी दया आली तर तसं सांग ना. लंडन कशाला आनतोस मधी?"

आईलाच खरं वाटत नाही तर मुरबाडला कोण मानणार, ही काळजी घेऊन तो घरी आला. रंजितानं भात वाढला आणि विचारलं, "लंडनला किती वाजले आता?" तो हसला नाही, तेव्हा तिला कळलं की प्रकरण गंभीर आहे, आणि तिनं न मागता आमटी पुन्हा वाढली.

शुक्रवारी तो वही कापडात बांधून निघाला. रखमी आणि राही होत्याच. जीपमध्ये बसतो तर जनाकाकी आधीच खिडकी धरून बसलेली.

"माझा अंगठा चाललाय ना त्या वहीत? मंग मी पन जानार," ती म्हणाली.

दोन जीपा बदलून, किन्हवली, सरळगाव करत ते मुरबाडला पोचले. शीतल मॅडम स्वतः एके काळी पळणाऱ्या, सरळ बोलणाऱ्या बाई. त्यांनी पत्र वाचलं, वही बघितली. जगदीशनं साडेपाच तास समजावले, झेड समजावला. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"जगदीशराव, प्रोग्राममधलं मला कळत नाही, पण माझी अडचण तुम्हाला कळेल," त्या म्हणाल्या. "रविवारी कार्ड एकतीसचं होतं. आज तुम्ही म्हणता एक. वही तुमच्याच कपाटातली, नर्स आता कुठे आहे ते तुम्हालाच माहीत नाही. आणि मैदानावर सगळ्या हिला सोमी, सोमी म्हणत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, सोमवारची म्हणून सोमी. एक जानेवारीला मंगळवार होता. मी बघितलं कॅलेंडरात. हिला घेतलं आणि सातव्या मुलीच्या वडिलांनी उद्या येऊन हेच विचारलं तर मी काय सांगू?"

जगदीशकडे उत्तर होतं, पण ते कोंबड्याचं होतं, आणि ते सरकारी टेबलावर कसं मांडावं हे त्याला सुचेना.

मॅडम जनाकाकीकडे वळल्या. "आजी, तुम्ही होतात ना? ही कधी जन्मली?"

"सोमवारी," जनाकाकीनं ठणकावून सांगितलं.

जगदीशनं डोळे मिटले. रखमीनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.

"नीट आठवतंय का आजी? तेरा वर्षं झाली."

बस, जनाकाकीला हे लागलं. आयुष्यभर जिच्या आठवणीवर पाड्यानं पोरांची नावं ठेवली तिला कुणी नीट आठवतं का विचारावं?

"बाय, मी इसरत नाय," ती म्हणाली. "हिचा बाप बोलवाया आला. मी आन् नर्सबाय निघालो. ओढा वलांडत व्हतो, पानी गार, आन् तेवढ्यात टेकाडावर धडाड धडाड फटाके. तिथं मुंबईवाल्यांची शेतघरं हायेत ना, ते उडवत व्हते. मी दचकले, माझा पाय निसटला. नर्सबायनं हात धरला न् म्हणली, घाबरू नको काकी, नवं साल लागलं. मंग चढ चढलो. मंग पानी तापवलं. मंग ही रखमी माझ्या हाताला चावली, ह्या इथं, बघ. मंग ही आली. कोंबडा आरवायचा व्हता अजून. म्हंजे सोमवारच ना?"

मॅडमनी वहीतल्या वेळेवर बोट ठेवलं.

"फटाके आधी, ही नंतर?"

"मंग काय हिच्यासाठी फोडले व्हते?"

मॅडमच्या ओठांच्या कडेला हसू आलं. त्यांनी पेन उचललं. "नवं साल आधी लागलं, मुलगी नंतर आली. सातवीच्या वडिलांना मी हे सांगू शकते. वहीतही हेच आहे. लिहून देता का आजी, मी लिहिते तसं?"

"लिव. पन सोमवारच लिव."

"आम्ही वार लिहीतच नाही, आजी."

"मंग बरं," जनाकाकी म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

राहीचं नाव यादीत चढलं, दुसऱ्या नंबरवर, जिथं ते असायला हवं होतं तिथंच. रखमी बाहेर आली आणि जगदीशला काहीतरी बोलणार होती, पण तिला रडू आलं, म्हणून तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली. जगदीशला ती चापट फार आवडली.

परतताना सरळगावला चहाला उतरले. राही आणि रखमी भजी घ्यायला गेल्या. जनाकाकी बशीत चहा ओतत म्हणाली, "जगदीस, साऱ्या पाड्याचे वार माला इचारलेस. तुझा कवा इचारला नायस."

"तुझ्या सासूनं काढलं ना मला? ती गेली."

"सासूबरोबर कोन व्हतं? मी नवीच आलेली. सासू म्हणली, चल, आज शिक. माझं पयलं बाळंतपन तू."

जगदीशनं हातातला ग्लास खाली ठेवला. हा माणूस सगळ्या तालुक्याच्या तारखा लावत हिंडला, आणि शेजारच्या ओट्यावर हे बसलेलं होतं.

"त्या दिवशी सूर्याला गिरान लागलं व्हतं," ती सांगायला लागली. "दुपारी अंधारलं, कोंबड्या खुराड्यात गेल्या. गर्भारशी साऱ्या घरात कोंडलेल्या. तुझी आय दिसभर भिताडाला टेकून बसली, हात हलवला नाय, की पोराला काय होऊ नये. गिरान सुटलं न् हिला कळा सुरू. रातभर झगडली बिचारी. तू आलास, मी नाळ बांधली, हात धुवाया बाहेर आले आन् कोंबडा आरवला. म्हंजे शनवार. सासू तुला शनवाऱ्या म्हनत व्हती. तुझा मामा आला न् समदं बिघडवलं त्यानं."

जगदीशनं मोबाइल काढला. दोनदा चुकीचं टाइप झालं. सूर्यग्रहण, एकोणीसशे ऐंशी, सोळा फेब्रुवारी. वार शनिवार. म्हणजे जनाकाकीचा शनिवार, आणि घड्याळाचा? कोंबड्याच्या जरा आधी, पाचच्या सुमारास. रविवार, सतरा फेब्रुवारी. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कोंबड्याच्या वेळेचं घड्याळाच्या वेळेत रूपांतर केलं, आणि ते स्वतःसाठी. तो रडला. सरळगावच्या हॉटेलात, भर दुपारी, चार माणसं बघत असताना. जनाकाकीनं उरलेला चहा त्याच्यापुढे सरकवला.

"आदी का नाय सांगितलंस?"

"तू इचारलं नायस. आन् आता एक जून टाकला नायस, म्हनून सांगितलं."

त्या आठवड्यात त्यानं प्रोग्राम दुरुस्त केला. वेळेच्या शेपटाला आता अधिक साडेपाच असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि जन्माची तारीख वहीत आहे तशीच्या तशी कार्डावर जाते, तिला कुठल्याही घड्याळातून फिरवून आणायचं नाही. वाराचे रकाने दोन केले, एक घड्याळाचा आणि एक कोंबड्याचा. मग तीनशे अकरा घरं फिरला. प्रत्येक दारात चूक माझी म्हणून सांगितलं, जुनं कार्ड परत घेतलं, शाळेत जाऊन गुरुजींसमोर उभा राहिला. गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, एक जून बरा होता रे. पण लिहून घेतलं. बहुतेक घरांत लोकांनी चहा दिला आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, हा तर बरोबरच व्हता की. रंजितानं मात्र हिशोब काढला, की इतकी वर्षं एक जूनला नवऱ्यासाठी केलेली शेवयांची खीर फुकट गेली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला राही नाशिकला गेली.

सतराला पहाटे पाच वाजता जगदीशचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तो अंथरुणातच उठून बसला. पलीकडे धापा टाकत कुणीतरी बोलत होतं.

"काका, मी राही. मॅडमच्या फोनवरून. पळायला निघालोय आमी. आधी सांगा, कोंबडा आरवला का तिकडं?"

जगदीशनं कान दिला. बाहेर गारठा, सगळं सामसूम.

"नाय अजून."

"मंग बरोबर टायमावर हाय. जनाआजी म्हणली, आरवायच्या आत फोन कर, म्हंजे तिचा दिवस पन चालू असतो न् तुमच्या मशीनचा पन. वाढदिवसाच्या शुभेच्छा, काका."

सेहेचाळीस वर्षांत हे वाक्य त्याला बरोबर दिवशी कुणी म्हटलं नव्हतं. तो तसाच फोन कानाला धरून बसला, आणि तेवढ्यात जनाकाकीच्या परसात कोंबडा आरवला, चांगला लांबलचक.

"आला ऐकू," राही म्हणाली. "मी पळते आता."